घरच्या पार्किंगमध्ये टर्बो इंजिनाची सुधारणा: सोलापूरच्या उन्हात टिकेल अशा क्रमाने

इंजिनाची ताकद वाढवायची म्हटले की नवख्या माणसाच्या यादीत सर्वांत वर मोठ्या आवाजाचा सायलेन्सर असतो, त्याखाली रिमॅप (इंजिन चालवणाऱ्या संगणकातला, म्हणजे ईसीयूमधला, पेट्रोल-ठिणगीचा आराखडा बदलणे) असतो आणि कूलंटची आठवण गाडी पहिल्यांदा गरम झाल्यावर येते. सोलापुरात ही यादी खालून वर वाचावी लागते. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जाणाऱ्या शहरात टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेल्या इंजिनाकडून जादा काम करून घ्यायचे असेल, तर आधी त्याची मूळ तब्येत पाहावी, मग उष्णता बाहेर टाकण्याची सोय करावी आणि ताकदीचा विचार सर्वांत शेवटी करावा. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत आणि मधली पायरी गाळून पुढे जाऊ नये, अशी आग्रहाची विनंती आहे.

ज्यांच्या दारात पोर्श उभी आहे त्यांना या लेखाचा उपयोग नाही. त्यांचे काम पुण्या-मुंबईच्या वर्कशॉपमध्ये होते. आपल्यापैकी बहुतेकांची स्पोर्ट्स कार म्हणजे सेकंडहँड घेतलेली, चपळ, टर्बो पेट्रोल हॅचबॅक. मी माझ्या गाडीला धरून लिहितो आहे: फियाटने २०१५ मध्ये भारतात आणलेली, रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेली अबार्थ पुंटो. तिचे १३६८ सीसीचे टी-जेट इंजिन मूळचे १४५ अश्वशक्ती आणि २१२ न्यूटन मीटर टॉर्क देते. त्यात पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या मार्गात, माफक दाबाने फवारले जाते, त्यामुळे घरच्या घरी काम करणाऱ्याला हे इंजिन सोपे जाते. पोलो जीटी टीएसआयसारख्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, १०० बारच्या पुढच्या दाबाने जाते. त्या गाडीच्या उच्च दाबाच्या पंपाला आणि पाइपांना घरी हात लावू नका. बाकीच्या पायऱ्या दोन्ही प्रकारच्या इंजिनांना लागू आहेत.

१. कायदा आणि कागदपत्रे

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ तसाच कडक लावला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार विनापरवाना बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज आणि धुरासाठी कलम १९०(२) वेगळे आहे.

"बॉनेटच्या आत काय आहे ते पोलिसाला थोडेच दिसते," हा सल्ला तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी देईल. पोलिसाला दिसत नसेलही, पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर बॉनेट उघडतो, भागांचे फोटो काढतो आणि न कळवलेला बदल आढळला तर दावा अडकतो. त्यामुळे कामाची तीन भागांत विभागणी करा. मूळ दर्जाचे सुटे भाग घालून केलेली दुरुस्ती आणि देखभाल निर्धास्त करा. इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारी जाळी), इनटेक किंवा रिमॅप असे बदल करण्यापूर्वी विमा कंपनीला आणि आपल्या एमएच-१३ च्या आरटीओला लेखी विचारा व अर्जाची पोच घ्या; नकार आला तर पाचव्या पायरीवर थांबा, किंवा ती गाडी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई अथवा कोइम्बतूरच्या करी यांसारख्या ट्रॅकपुरतीच ठेवा आणि तिथपर्यंत ट्रकवरून न्या. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे आणि परवानगीशिवाय दुसरे इंजिन बसवणे या गोष्टींच्या वाटेलाच जाऊ नका.

एका फाइलमध्ये पुढील कागद कामाला सुरुवात करण्यापूर्वीच जमवून ठेवा:

- नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा पॉलिसी आणि चालू पीयूसी;
- इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांकाचे स्पष्ट फोटो, कारण घासलेला किंवा न जुळणारा क्रमांक आढळला तर इथेच थांबायचे आहे;
- आधीच्या मालकाकडची सर्व्हिसची बिले, विशेषतः टायमिंग बेल्ट कधी बदलला ते सांगणारे बिल;
- विमा कंपनी आणि आरटीओ यांच्याशी झालेला पत्रव्यवहार;
- त्याच मॉडेलचे, त्याच वर्षाचे वर्कशॉप मॅन्युअल, ज्यात प्रत्येक बोल्टचा टॉर्क दिलेला असतो.

२. जागा आणि हत्यारे

जागा सपाट हवी, सावलीची हवी आणि जमीन काँक्रीटची हवी. अलीकडे बहुतेक पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतात. त्यांच्यावर जॅक स्टँडचा पाय थेट टेकवला तर एखादा ब्लॉक दबून स्टँड कलंडतो, म्हणून खाली जाड प्लायवुडचा तुकडा घाला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणत्याही परिस्थितीत शिरू नका. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात धुण्याची कामे पाण्याच्या दिवशीच ठेवा, नाहीतर तेलकट हातांनी टाकीच्या तळाशी उरलेले पाणी मोजत बसावे लागते.

हत्यारांचे म्हणाल, तर पुढील यादी पुरते:

- ८ ते १९ मिलिमीटरचे रिंग पाने आणि बॉक्स पान्यांचा सेट, ॲलन की, टॉर्क्स बिट;
- दोन टॉर्क रेंच, एक ५ ते २५ न्यूटन मीटरचा आणि एक त्यावरचा;
- हायड्रॉलिक जॅक, दोन जॅक स्टँड आणि चाकांना लावायचे अडथळे;
- कॉम्प्रेशन गेज, फीलर गेज, मल्टीमीटर;
- ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा) आणि मोबाइलमधले एखादे नोंदी साठवणारे ॲप;
- पेट्रोलच्या आगीवर चालणारे ड्राय पावडरचे अग्निशामक, हातमोजे आणि चष्मा.

पैसे वाचवायचे असतील तर पान्यांवर वाचवा, टॉर्क रेंचवर वाचवू नका. ॲल्युमिनियमच्या हेडमधले (सिलिंडरवरच्या झाकणातले) आटे गेले की पाच मिनिटांच्या कामाचे रूपांतर हेड उतरवण्यात होते. "हाताला अंदाज असतो" असे सांगणारे मिस्त्री असतात आणि त्यांच्या हाताला तो खरोखरच असतो. नवशिक्याच्या हाताला नसतो.

पुसायच्या फडक्यांबद्दल मुद्दाम लिहितो, कारण ही अडचण आपल्याच शहराची आहे. सोलापुरात टॉवेलचे तुकडे स्वस्तात, किलोवर मिळतात आणि साहजिकच प्रत्येक गॅरेजमध्ये तेच वापरतात. बाहेरचे तेल पुसायला ते उत्तम आहेत. परंतु टेरी कापडाचे पिळलेले धागे सुटतात. उघड्या इनटेकवर, टर्बोच्या तोंडाशी किंवा ऑइल फिलरच्या आत असा तुकडा फिरवून तो उन्हाकडे धरून पाहा, कडेचे धागे निघालेले दिसतील. त्यातला एखादा टर्बोला तेल पोचवणाऱ्या बारीक मार्गात अडकला, तर बेअरिंग कोरडे पडते. इंजिनाच्या आतल्या बाजूसाठी जुना, अनेकदा धुतलेला सुती सदरा किंवा धागे न सुटणारे वाइप वापरा आणि उघडलेले प्रत्येक तोंड लगेच स्वच्छ टेपने बंद करा.

३. इंजिनाची तब्येत तपासणे

या पायरीचा सर्वांना कंटाळा येतो, कारण तिच्याने गाडीच्या पिकअपमध्ये काही फरक पडत नाही. तरीही पुढचा सगळा खर्च वाया जाणार की सत्कारणी लागणार हे इथेच कळते. तीन चाचण्या करा आणि त्यांचे आकडे वहीत लिहा.

पहिली, ओबीडी वाचन. गाडी पूर्ण तापल्यावर कूलंटचे तापमान, इनटेकच्या हवेचे तापमान आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवते-घटवते तो आकडा) पाहा. दीर्घकालीन ट्रिम उणे-अधिक ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. १० च्या पुढे असेल तर कुठेतरी हवा गळते आहे, सेन्सर मळला आहे किंवा इंधनपुरवठा कमी पडतो आहे. ते कारण सापडेपर्यंत पुढे जायचे नाही. साठलेले कोड वाचा, लिहून ठेवा आणि मगच पुसा. विकण्याच्या आदल्या दिवशी कोड पुसून आणलेल्या गाड्या बाजारात भरपूर आहेत, म्हणून आठवडाभर गाडी चालवून पुन्हा वाचा.

दुसरी, कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते. इंजिन कोमट असताना इंजेक्टरचा फ्यूज काढा, इग्निशन कॉइलचे कनेक्टर सोडवा, चारही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत प्रत्येक सिलिंडरला सारखाच वेळ सेल्फ मारा. आकडा किती आला यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत हे महत्त्वाचे असते. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या आकड्यात १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर संशय घ्या. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग झिजल्या आहेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंगकडे पाहा. अशा इंजिनावर ताकद वाढवण्याचे काम करू नये, आधी दुरुस्ती करावी.

तिसरी चाचणी बूस्टची (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाची) गळती शोधण्याची, आणि ती करायला मजा येते. नळकामाच्या दुकानातून टर्बोच्या तोंडाला बसेल अशी पीव्हीसीची टोपी घ्या, तिला भोक पाडून ट्यूबलेस चाकाचा व्हॉल्व्ह बसवा आणि ती टोपी एअर फिल्टरच्या नळीच्या जागी होज क्लॅम्पने आवळा. क्रँककेसच्या ब्रीदरची नळी तात्पुरती बंद करा, नाहीतर हवा सीलांवर दाब टाकेल. आता रेग्युलेटर लावलेल्या कंप्रेसरने ०.३ बारपासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. मूळ बूस्टच्या पलीकडे नेण्याचे कारण नाही. भांडी घासायच्या साबणाचे पाणी प्रत्येक जोडावर ब्रशने लावा. मोठी गळती फुसफुसते, ती कानालाच कळते. पण जुन्या क्लॅम्पच्या खालून, जिथे रबर वर्षानुवर्षे दबून चपटे झालेले असते, तिथून राईएवढे बुडबुडे एकामागोमाग एक येतात आणि थोड्या वेळाने त्यांचा पांढरा फेस क्लॅम्पच्या कडेला साचतो. ती गळती एरवी कोणालाच सापडत नाही. गळती असलेल्या इंजिनात तेवढाच बूस्ट राखण्यासाठी टर्बोला जास्त वेगाने फिरावे लागते, हवा आणखी तापते आणि मालक म्हणतो की गाडीत दम राहिला नाही. अनेकांचे समाधान इथे, काही रुपयांच्या क्लॅम्पवरच होते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

४. उष्णता बाहेर काढणे

आपल्याकडची पहिली अडचण पाण्याची आहे. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या पाणीमार्गात थर धरतात. गाडी कोणत्याही गॅरेजमधून आली असली तरी कूलंट पूर्ण काढा, डिस्टिल्ड पाण्याने आतून धुवा, बाहेर येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा धुवा आणि मग मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचे कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मेनिम्म्या प्रमाणात भरा. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट मिसळू नका, त्यांचा चिखल होतो. हवेचा बुडबुडा आत राहू नये म्हणून ब्लीड स्क्रू उघडून, हीटर सुरू ठेवून भरा. काढलेले कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका; ते चवीला गोड आणि विषारी असते आणि गल्लीतली कुत्री ते पितात.

दुसरी अडचण सल्ल्याची आहे. "थर्मोस्टॅट काढून टाका, सोलापुरात त्याचा काय उपयोग?" हे वाक्य तुम्ही ऐकणारच. थर्मोस्टॅट काढला की इंजिन कामाच्या तापमानाला उशिरा पोचते, ईसीयू त्याला थंड समजून पेट्रोल जास्त सोडते, ॲव्हरेज पडते, तेलात पेट्रोल मिसळते आणि झीज वाढते. आणि ज्या कारणाने गाडी गरम होत होती ते कारण, म्हणजे तुंबलेला रेडिएटर किंवा मंद झालेला पंखा, जागच्या जागीच राहते. थर्मोस्टॅट नवा घाला. विस्तार टाकीचे झाकणही त्यासोबत नवे घाला. दाब धरून ठेवल्यामुळे कूलंटचा उत्कलनबिंदू वर जातो आणि झाकणाचे रबर सैल झाले की हा फायदा निघून जातो.

तिसरी गोष्ट बाहेरची. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून चाललेल्या गाडीच्या एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत पाचटाचे तुकडे, काळ्या मातीची धूळ आणि किडे यांची गादी बसते. समोरून पाहिले तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो. वरचा पत्रा काढून मधल्या फटीत टॉर्च मारा. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूकडून पुढे, कमी दाबाने सोडा. सर्व्हिस सेंटरचा जोराचा फवारा पंख्यासारख्या पातळ पट्ट्या वाकवतो.

हे सर्व झाल्यावर उन्हाळ्यातल्या दुपारी, एसी सुरू ठेवून, सात रस्ता ते भैय्या चौक अशा गर्दीत गाडी न्या आणि ओबीडीवर तापमान पाहा. पंखा सुरू झाल्यावर तापमान खाली येऊन स्थिरावत असेल तर पुढे जा. ते चढतच राहत असेल तर मूळ ताकदीलाच कूलिंग अपुरे पडते आहे.

५. तेल, प्लग, बेल्ट आणि पेट्रोल

मॅन्युअलमधल्या प्रतीचे पूर्ण सिंथेटिक तेल घाला, माझ्या गाडीत ५डब्ल्यू-४० आहे, आणि बदलण्याचे अंतर उत्पादकाने सांगितले असेल त्याच्या निम्मे धरा. टर्बोचे आयुष्य तेलावर आहे.

टायमिंग बेल्टचे बिल नसेल तर तो बदललेला नाही असेच समजा. बेल्ट तुटला तर बहुतेक आधुनिक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. हे एक काम मात्र घरी करू नये, कारण कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जागेवर धरून ठेवणारी खास लॉकिंग टूल लागतात. ती ज्याच्याकडे आहेत अशाच मिस्त्रीकडे जा आणि वॉटर पंप व टेन्शनर त्याच वेळी बदलून घ्या.

प्लग इंजिन थंड किंवा फार तर कोमट असतानाच काढा. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने पुठ्ठ्यावर मांडा आणि पाहा: फिकट तपकिरी रंग असेल तर जळण ठीक आहे, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलसर काळे म्हणजे तेल येते आहे आणि पांढऱ्या सिरॅमिकवर मिरीपूड शिंपडल्यासारखे ठिपके किंवा चमकणारे कण असतील तर इंजिन आतून ठोका खाते आहे. शेवटचे चिन्ह दिसले तर रिमॅपचा विषय तात्पुरता मिटला. मूळ ताकदीसाठी मूळ प्लग योग्य असतात. रिमॅप करणार असाल तरच एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) प्लग घ्या, गॅप ट्यूनरने सांगितल्याप्रमाणे ठेवा आणि टॉर्क रेंचनेच आवळा.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे पूर्ण जळणासाठी हवा-इंधनाचे प्रमाण शुद्ध पेट्रोलच्या १४.७ ऐवजी साधारण १३.५ वर येते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंजेक्टरला जास्त इंधन द्यावे लागते. जुन्या गाडीतल्या इंधनाच्या रबरी नळ्या तपासा, कडक झालेल्या किंवा फुगलेल्या दिसल्या तर बदला. नळी सोडवण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि जवळपास देवघरातला दिवासुद्धा पेटता ठेवू नका. रिमॅप करायचा असेल तर जे जादा ऑक्टेनचे (ठोका सहज न खाणारे) पेट्रोल तुमच्या नेहमीच्या पंपावर बारमाही मिळते त्यावरच करून घ्या. १०० ऑक्टेनसाठी केलेला मॅप घेऊन साध्या पेट्रोलवर अक्कलकोटला जाणे महागात पडते.

६. इंटरकूलर आणि इनटेक

ताकद वाढवणारा पहिला खरा खर्च करायचा तो इथे. साधा हिशेब पाहा. बाहेरची हवा ४२ अंश असताना टर्बोने ती दुप्पट दाबाला नेली आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा १४० अंशांच्या घरात असते. हीच हवा बाहेर २५ अंश असताना ११८ च्या आसपास राहते. ही सगळी उष्णता इंटरकूलरने बाहेर टाकायची असते, आणि ती टाकली नाही तर सिलिंडरमधले मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपोआप भडकते. ईसीयूला हा ठोका, म्हणजे नॉक, ऐकू आला की तो इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो. म्हणजेच जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत झकास पळणारी गाडी एप्रिलमध्ये मरगळते. समुद्रसपाटीपासून आपली उंची साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे हवेचा दाब मुळातच पाचेक टक्के कमी, त्याचाही भार टर्बोवरच येतो.

आधी मूळ इंटरकूलर उतरवून आतले तेल धुऊन घ्या आणि ओबीडीवर इनटेकचे तापमान पाहा. पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर ते बाहेरच्या तापमानापेक्षा २०-२५ अंशांहून जास्त चढत असेल तर मोठा इंटरकूलर घेण्यात अर्थ आहे. घेताना फक्त आकार पाहू नका. जाड इंटरकूलरने रेडिएटरची हवा अडवली, तर चौथ्या पायरीत कमावलेले घालवून बसाल. बंपर कापावा लागणारा भाग घेऊ नका. नळ्या सिलिकॉनच्या आणि क्लॅम्प टी-बोल्टचे घ्या, बसवल्यावर साबणाच्या पाण्याची चाचणी पुन्हा करा.

उघडा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर मात्र टाळा. तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, फुसफुस आवाज करतो आणि त्या आवाजालाच लोक ताकद समजतात. मूळ डब्यात चांगल्या प्रतीचा कागदी फिल्टर घाला आणि आपल्याकडच्या धुळीत तो वेळेआधी बदला.

७. ज्याला हात लावायचा नाही

सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जसे आहेत तसे ठेवा. बीएस-चार गाडीला पीयूसीच्या वेळी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत ठेवावे लागते, ते कन्व्हर्टरशिवाय साधत नाही.

इंजिनही उघडू नका. सोलापुरात "कॅमशाफ्ट बदलू का?" हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचे नवल नाही, कारण प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही आपल्याच शहरातली कंपनी देशोदेशीच्या मोटार उत्पादकांना कॅमशाफ्ट पुरवते. पण तिथे तयार होणारा माल गाडी-कंपन्यांच्या आराखड्याप्रमाणे असतो. जास्त उंच लोबचा (उंचवट्याचा) कॅमशाफ्ट घातला की व्हॉल्व्हच्या स्प्रिंग, टायमिंग आणि मॅप सगळेच बदलावे लागते, आणि टर्बो इंजिनात तेवढा फायदा बूस्टमधून निम्म्या कष्टात मिळतो. पिस्टन, रॉड आणि बोअर यांना हात न लावता ताकदीतली वाढ मूळ ताकदीच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावी, असे माझे मत आहे.

८. रिमॅप

इथपर्यंत आलात आणि पहिल्या पायरीतली लेखी उत्तरे हातात असली तरच रिमॅपकडे वळा. ओबीडीच्या पोर्टमध्ये खोचायचा "पॉवर चिप" नावाचा डबा विकत घेऊ नका. त्यातले काही फक्त दिवे लुकलुकवतात आणि काही सेन्सरचा सिग्नल खोटा करून ईसीयूला फसवतात. तुमच्या इंजिनावर पूर्वी काम केलेला ट्यूनर शोधा आणि त्याला तिसऱ्या पायरीतले आकडे दाखवा. ते न पाहता पैसे मागणारा ट्यूनर नको. त्याच्याकडून या गोष्टी मागा: मूळ फाइलची प्रत, आधीच्या आणि नंतरच्या नोंदी, पूर्ण भाराखाली हवा-इंधनाचे प्रमाण, प्रत्येक सिलिंडरचे नॉकमुळे मागे घेतलेले इग्निशन आणि इंजेक्टरची ड्यूटी सायकल (तो किती टक्के वेळ उघडा राहतो). शेवटचा आकडा ८५ टक्क्यांच्या पुढे जात असेल तर इंजेक्टरची क्षमता संपली आहे, बूस्ट कमी करायला सांगा.

मॅप उन्हाळ्यात करून घ्या. थंडीत ओढूनताणून बसवलेला मॅप मे महिन्यात ठोके खातो; मेमध्ये नीट चालणारा मॅप डिसेंबरात नुसता सुखाने चालतो. फाइल लिहिली जात असताना बॅटरीचा दाब पडला तर ईसीयू निकामी होऊ शकतो, म्हणून बॅटरीला स्थिर चार्जर लावा. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर चार्जर इन्व्हर्टरवर घ्या आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज ठेवा.

गिअरबॉक्सची मर्यादा ट्यूनरला आधी सांगा. पोलो जीटी टीएसआयच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे; इंजिन त्याहून जास्त देऊ शकले तरी तिथे थांबावे लागते.

९. क्लच, ब्रेक, टायर

मॅन्युअल गाडीत वरच्या गिअरमध्ये २५०० आरपीएमच्या आसपास पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम वेगापेक्षा पटकन चढला तर क्लच सुटतो आहे आणि जादा टॉर्क त्याला झेपणार नाही. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुने असेल तर बदला. टायरच्या बाजूवरची तारीख वाचा, नक्षी शिल्लक असली तरी आपल्या उन्हात रबर कडक होते.

१०. चाचणी आणि पहिले हजार किलोमीटर

हैदराबाद रस्त्यावर रात्री गाडी सुसाट पळवून पाहण्याची गरज नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, मोकळ्या आणि सरळ रस्त्यावर, वेगमर्यादेच्या आत २००० ते ५००० आरपीएमपर्यंतची ओढ ओबीडीवर नोंदवा. शेजारी बसलेला माणूस मोबाइल पाहील, चालवणाऱ्याने पाहायचा नाही. तीच ओढ त्याच रस्त्यावर, त्याच दिशेने, त्याच वेळी कामापूर्वीही नोंदवलेली असेल तर सेकंदांचा फरक समोर दिसतो.

शंभर किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा आणि कूलंटची पातळी इंजिन थंड असताना पाहा. पाचशे किलोमीटरनंतर एक प्लग काढून त्याचा चेहरा वाचा. हजार किलोमीटरला तेल बदला. काढलेले तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी न ओतता डब्यात भरून अशा गॅरेजला द्या जे ते अधिकृत पुनर्वापरासाठी पाठवते. त्याच दिवशी पीयूसी नव्याने काढून घ्या, जुन्याची मुदत शिल्लक असली तरीही, आणि ती पावती फाइलमध्ये विमा कंपनीच्या पत्राला जोडून ठेवा.